चूल एक, कार्डे तीन

आपल्या गावात कुटुंबे किती, असा साधा प्रश्न ग्रामपंचायतीत विचारून पाहा. एक उत्तर मिळणार नाही. रेशन दुकानदार कार्डे मोजून सांगेल, रोजगार सेवक जॉबकार्डे मोजून सांगेल. जनगणनेला येणारे गुरुजी चुली मोजतात. एका स्वयंपाकघरात जेवणारी माणसे म्हणजे एक कुटुंब, ही त्यांची रीत. पीएम-किसानचे काम आमच्या कृषी खात्याकडे आले तेव्हापासून आम्ही नवरा, बायको आणि अल्पवयीन मुले एवढ्यांनाच कुटुंब म्हणतो. लाडकी बहीण योजनेचे कुटुंब म्हणजे नवरा, बायको आणि त्यांची लग्न न झालेली मुले. म्हातारी आई या दोन्ही व्याख्यांत कुठेच नाही. घरात मात्र ती ओसरीवरच बसलेली असते.

या याद्या जुळत नाहीत याचे आता कोणाला नवलही वाटत नाही. पण गावोगाव फिरताना एक गोष्ट वारंवार दिसते आणि ती बोचते. जी माणसे एका चुलीवर जेवतात ती कागदावर वेगळी झालेली आहेत, आणि जी बाई खरोखरच वेगळी पडली आहे ती कागदावर अजून नवऱ्याच्या घरात नांदते आहे. पहिल्यांना लाभ मिळतो, दुसरीला हेलपाटे. यात माणसांची लबाडी थोडी आहे आणि योजनांच्या आखणीचा दोष फार मोठा आहे, असे माझे मत झाले आहे. ते आज मांडतो.

मी काही अर्थशास्त्री नव्हे. कृषी पदविका करून खात्यात लागलो. आता पदाचे नाव बदलून सहायक कृषी अधिकारी झाले आहे, तलाठ्याचे ग्राम महसूल अधिकारी आणि ग्रामसेवकाचे ग्रामपंचायत अधिकारी झाले; गावात मात्र जुनीच नावे चालतात, इथेही तीच लिहितो. बांधावर गेलो की बोंडअळीवर दोन मिनिटे बोलणे होते. त्यानंतर विषय येतो हप्त्याचा. हप्त्याच्या मागे घरातली सगळी कहाणी येते. भाऊ वेगळे कसे झाले, आईला कोणी ठेवले, लेक माहेरी का आली. ती ऐकून ऐकून हे लिहायला बसलो.

सुरुवात रेशनपासून करू, कारण ते सर्वांना ठाऊक आहे. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यात दोन प्रकारची कार्डे आहेत. प्राधान्य कुटुंबाच्या कार्डावर माणशी ५ किलो धान्य मिळते. अंत्योदय कार्डावर सरसकट ३५ किलो, मग कार्डावर दोन नावे असोत की नऊ. आता हिशेब करा. नऊ माणसांच्या अंत्योदय घराला माणशी चार किलोही पडत नाही. तेच घर कागदावर फुटले, अंत्योदय कार्डावर आजा-आजी दोघेच राहिले आणि मुले-सुना-नातवंडे प्राधान्य कार्डावर गेली, तर आजा-आजीचे ३५ किलो अधिक सात जणांचे ३५ किलो. दुप्पट झाले. कोणता शहाणा माणूस हे करणार नाही? इष्टांक भरला म्हणून सगळ्यांना हे जमत नाही, एवढेच. उलट जिथे माणशी ५ किलो आहे तिथे कार्ड फोडून एक दाणाही जास्त मिळत नाही, म्हणून तिथे निदान धान्यासाठी कोणी घर फोडत नाही. एकाच कायद्यात, एकाच दुकानात, दोन आखण्या शेजारी-शेजारी आहेत आणि त्यांचे दोन परिणाम आपल्या डोळ्यांसमोर आहेत.

कागदावर घर फोडायची ही विद्या गरिबांनी शोधलेली नाही. ती मोठ्यांनी शिकवली. कमाल जमीनधारणा कायदा १९६१ साली आला आणि १९७५ साली कडक झाला, कोरडवाहूची मर्यादा ५४ एकरांवर आली. तिथे कुटुंब म्हणजे नवरा, बायको, अल्पवयीन मुलगे आणि अल्पवयीन अविवाहित मुली. सज्ञान मुलगा वेगळा. कोणाकोणाच्या वाड्यात त्या काळी रातोरात वाटण्या झाल्या ते जुनी माणसे अजून सांगतात. त्या वाड्यांत पंगत मात्र एकच बसत होती.

पीएम-किसानचे उदाहरण माझ्या रोजच्या कामातले. वर्षाला ६ हजार केंद्राचे, आणि २०२३ पासून राज्याच्या नमो शेतकरी महासन्मान योजनेचे ६ हजार, असे १२ हजार. योजनेने जमीनधारणेसाठी १ फेब्रुवारी २०१९ ही तारीख धरली, आणि त्यानंतरच्या फेरफारात फक्त मृत्यूमुळे आलेला वारसा मानला. ज्या तीन भावांची खातेफोड त्या तारखेआधी झाली होती त्यांच्या तीन घरांना तीन हप्ते. ज्यांनी बापाचा मान राखून सातबारा बापाच्याच नावावर ठेवला त्यांच्या घरी एकच हप्ता, तोही बापाला. 'आम्ही एकत्र राहिलो ही चूक झाली का साहेब?' असे मला विचारणारे आहेत. मी काय उत्तर देणार? बाप हयात असताना वाटणी करून वेगळा झालेला मुलगा नांगर धरतो, कर्ज काढतो, पण या योजनेपुरता तो शेतकरी नाही. तो शेतकरी होणार बाप गेल्यावर. असला नियम कोणी मुद्दाम केला असेल असे मी म्हणत नाही. खोटे लाभार्थी रोखायला तारीख घातली. पण तिचा अर्थ घरात जाऊन असा निघतो.

आई वेगळी, मुलगा वेगळा

आता ज्याने मन जास्त दुखते तिकडे येतो.

संजय गांधी निराधार अनुदान योजना १९८० सालची. आपल्या राज्याची चांगली योजना आहे, असे मी आजही म्हणतो. विधवा, परित्यक्ता, घटस्फोटित, अपंग, अनाथ मुले, अशा ज्यांना कोणी नाही त्यांच्यासाठी ती आहे. ६५ वर्षांनंतर श्रावणबाळ योजना. दोन्हींचे अनुदान २०२३ साली वाढून महिना १५०० रुपये झाले. पण कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा २१ हजार रुपये. २०२५-२६ साली महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी दिवसाला ३१२ रुपये होती. म्हणजे एखाद्या विधवेने वर्षात ६८ दिवस खडी फोडली की ती 'निराधार' राहिली नाही. मग दाखला कसा निघतो ते तलाठी आप्पांना विचारू नका. सगळ्यांना माहीत आहे, सगळे डोळे झाकतात, आणि झाकले म्हणून बाईच्या घरात चूल पेटते.

याहून वाईट अट मुलाची. या योजनेत कित्येक वर्षे असा नियम होता की विधवेचा मुलगा २५ वर्षांचा झाला किंवा नोकरीला लागला की आईचे अनुदान बंद. पंचविशीत मुलगा आईला पोसतो, हे गृहीत धरलेले. आमच्या भागात पंचविशीतल्या मुलाला दोन एकर कोरडवाहू असते, डोक्यावर सोसायटी असते आणि लग्नाला मुलगी मिळत नसते. तो स्वतःला पोसतो तेच पुष्कळ. मग लोकांनी काय केले? आईचे कार्ड वेगळे काढले. 'मुलगा सांभाळत नाही' असा जबाब आईने अंगठ्यानिशी दिला. मुलगा बाहेर मोटारसायकल धरून उभा, आईला कचेरीत आणणाराही तोच आणि परत नेणाराही तोच.

श्रावणबाळाचे तर नावच बघा. आईबापांना कावडीत घालून खांद्यावर नेणारा तो मुलगा. त्याच्या नावाची योजना मिळवायची तर म्हाताऱ्यांना दाखवावे लागते की आमच्या घरात श्रावणबाळ नाही.

हे सगळे कागदापुरते राहिले असते तर मी एवढे लिहिले नसते. कागद हळूहळू घरात शिरतो. एका गावात मी हे पाहिले आहे. आईचे कार्ड वेगळे झाले ते अनुदानासाठी. दोन-तीन वर्षे सगळे एकत्रच जेवत होते. पुढे सून आली. तिला हे काही माहीत नाही, तिला दिसते ते असे की सासूचे धान्य वेगळे येते, पैसे वेगळे येतात. एक दिवस भांडणात शब्द निघाला, 'तुमचं कार्ड वेगळं हाय ना, मग चूल पण वेगळी मांडा.' म्हातारीने परसात पत्र्याखाली चूल मांडली. आज ती खरोखर निराधार आहे. शासनाच्या दप्तरात ती सहा वर्षे आधीपासूनच निराधार होती. कोणी म्हणेल, सून वाईट निघाली त्याला शासन काय करणार? बरोबर आहे. भांडणे घरोघरी असतात. पण भांडणात धरायला हात लागेल अशी वस्तू शासनाने त्या घरात आणून ठेवली, एवढे तरी कबूल करावे लागेल.

टाकलेली बाई कोणत्या कुटुंबातली?

आता दुसरी बाजू. या बाईंचे नाव-गाव लिहीत नाही, पण माझ्या भागातल्या वाचकांना वाटेल की आपल्याच गल्लीतली आहे, कारण अशी एक बाई बहुतेक प्रत्येक गावात आहे. नवऱ्याने आठ वर्षांपूर्वी घालवून दिली. काडीमोड नाही, कोर्ट नाही, काही नाही. दोन मुले घेऊन माहेरी आली. बाप नाही, भाऊ आहे. भावाची दोन एकर बटईने करते, सोयाबीन आणि तूर. औषध फवारणी स्वतः करते आणि प्रमाण विचारून करते, जे पुष्कळ बापे करत नाहीत.

कागदावर ती सासरीच आहे. तिचे आणि दोन मुलांचे मिळून महिन्याला १५ किलो धान्य सासरच्या कार्डावर मंजूर. पीएम-किसानच्या व्याख्येप्रमाणे नवरा, बायको, अल्पवयीन मुले हे एक कुटुंब, म्हणून हप्ता जातो नवऱ्याला. माहेरी नवे कार्ड काढायचे तर आधी जुन्या कार्डावरून नाव कमी केल्याचा दाखला आणायला सांगतात. अन्नसुरक्षा कायद्याने कार्डाची प्रमुख घरातली सर्वांत मोठी बाई केली आहे. हेतू उत्तम होता. पण इथे ती प्रमुख म्हणजे सासू. सुनेचे नाव कमी करून द्या, असे सासूकडे मागायला जायचे कोणी? ज्या उंबऱ्यावरून हाकलले त्याच उंबऱ्यावर सहीसाठी परत जायचे.

बरे, भावाच्या कार्डावर नाव चढवले तर? मग उत्पन्नाच्या दाखल्यात भावाचे उत्पन्न शिरते आणि निराधार योजनेची मर्यादा ओलांडली जाते. म्हणून शेजारीपाजारी सल्ला देतात की भावाच्या कार्डात जाऊ नको, वेगळी खोली घे. भाऊ बिचारा सांभाळायला तयार आहे, भावजयही कुरकुर करत नाही, आणि नियम सांगतो की भावाने सांभाळले तर शासन सांभाळणार नाही. आपल्या समाजात माहेर हाच टाकलेल्या बाईचा एकमेव विमा आहे. योजनेने त्याला बळ द्यायचे की त्यालाच कात्री लावायची?

लाडकी बहीण योजना जुलै २०२४ पासून सुरू झाली. २१ ते ६५ वर्षांच्या बाईला महिना १५०० रुपये, कुटुंबाचे उत्पन्न अडीच लाखांच्या आत हवे. पात्र महिलांच्या यादीत विवाहितेबरोबर विधवा, घटस्फोटित, परित्यक्ता, निराधार असे शब्द स्वच्छ लिहिलेले आहेत. त्याबद्दल लिहिणाऱ्याला धन्यवाद. पण सप्टेंबर २०२५ मध्ये ई-केवायसी सुरू झाली तेव्हा बाईच्या आधारबरोबर नवऱ्याचे किंवा वडिलांचे आधार मागितले, आणि त्याच्या मोबाइलवर ओटीपी. विधवांची अडचण वर्तमानपत्रांतून आली. मग मुदत ३१ डिसेंबरपर्यंत वाढली आणि सवलत दिली की नवरा किंवा वडील हयात नसतील तर मृत्यूचा दाखला, घटस्फोट झाला असेल तर त्याचा कागद किंवा कोर्टाचा आदेश अंगणवाडी ताईंकडे द्यावा. ठीक. पण जिचा नवरा जिवंत आहे आणि घटस्फोटही नाही, तिने कोणता कागद द्यायचा? यादीत 'परित्यक्ता' शब्द आहे, आणि परित्यक्तेला लागू पडेल असा कागद या सवलतीत नाही. नवऱ्याने दुसरी आणलेली असेल तर कायदा पहिलीच्या बाजूने आहे, पण ओटीपी येतो तो मोबाइल नवऱ्याच्या खिशात आहे. त्याने तो आकडा कोणाला सांगावा हे त्याच्या मर्जीवर. म्हणजे शासनाने बाईला दिलेले पैसे तिच्यापर्यंत पोचायचे की नाही, हे ज्याने तिला टाकले त्यानेच ठरवायचे.

ऊसतोडीला जावे तर तिथेही हेच. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी, मुकादम उचल देतो ती जोडीला. एकटी बाई म्हणजे अर्धा कोयता, तिला भाऊ किंवा मुलगा जोडीला घ्यावा लागतो. पण मुकादम खासगी माणूस आहे, त्याला ऊस तोडून हवा. शासनाने मुकादमासारखा हिशेब का करावा?

विधवा शेतकरीणींची अडचण थोडी निराळी. महिला किसान अधिकार मंचाने २०१८ मध्ये विदर्भ-मराठवाड्यातल्या ११ जिल्ह्यांत शेतकरी आत्महत्या झालेल्या घरांतल्या ५०५ महिलांची पाहणी केली. त्यांतल्या ४० टक्के महिलांना त्या कसत असलेल्या जमिनीचा हक्क मिळालेला नव्हता. राहत्या घराचा हक्क मिळालेल्या फक्त ३५ टक्के. जमीन सासऱ्याच्या नावावर आणि गेला तो मुलगा, असे असले की सातबाऱ्यावर काही हलतच नाही. सासरा गेल्यावर ती कायद्याने वारस आहेच, पण तोपर्यंत ती मुले घेऊन सासऱ्याच्या मर्जीवर. कृषी खात्याच्या ठिबकपासून अवजारापर्यंत बहुतेक योजना सातबाऱ्यावर चालतात, त्यामुळे आम्हीही तिला दारातूनच परत पाठवतो. हे आमच्या खात्याबद्दल लिहिताना बरे वाटत नाही, पण आहे ते आहे.

बायकोच्या नावे जमीन केली तर

एक हिशेब मी बचत गटाच्या बैठकीत फळ्यावर मांडून दाखवला तेव्हा बायका गप्प झाल्या. तो इथेही देतो.

जमीन नवऱ्याच्या नावावर असेल तर त्याला दोन्ही सन्मान योजनांचे मिळून वर्षाला १२ हजार, आणि बायकोला लाडकी बहिणीचे १८ हजार. घरात आले ३० हजार. जमीन बायकोच्या नावावर असेल तर १२ हजार तिला. पण लाडकी बहीण योजनेचा नियम असा की दुसऱ्या योजनेतून १५०० पेक्षा कमी मिळत असतील तर फक्त फरक द्यायचा. महिना हजार मिळतात, म्हणून फरक ५०० रुपये, वर्षाला ६ हजार. घरात आले १८ हजार. जमीन बाईच्या नावावर असल्याचा दंड झाला वर्षाला १२ हजार रुपये.

१९९२ साली याच राज्याने 'लक्ष्मी मुक्ती'चे परिपत्रक काढले होते. नवऱ्याने हयातीतच अर्ज करून सातबाऱ्यावर बायकोचे नाव सहधारक म्हणून लावावे. त्याआधी शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने गावोगाव ती मोहीम चालवली होती आणि पुष्कळ शेतकऱ्यांनी आपखुशीने जमीन बायकोच्या नावे केली होती. त्या घरांना आज आपण हे बक्षीस देतो. आणि ज्या विधवेचे नाव मोठ्या मुश्किलीने सातबाऱ्यावर लागले, तिलाही ५०० रुपयेच. तिच्या घरात तर १२ हजार घेणारा दुसरा कोणी नाही.

काही मंडळी म्हणतात की या पैशांनी बायका शेफारतील, घरे मोडतील. पारावर हे बोलणे मी पुष्कळदा ऐकले आहे. माझ्या भागात १५०० रुपयांसाठी नवरा सोडलेली एकही बाई मी पाहिली नाही. दिवसाला ५० रुपये होतात. त्यात दोन लेकरांना घेऊन कोणी वेगळे राहून दाखवावे. घर मोडते ते दारूने, मारहाणीने आणि कर्जाने. पैसे हातात असल्यावर बाई फार तर माराची एक रात्र कमी सोसते. तिला त्याचा हक्क नाही का?

मग आखणी कशी असावी? नवे काही शोधायला नको. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आलेल्या रोजगार हमीला महाराष्ट्राने १९७७ साली कायद्याचे बळ दिले, तेव्हा कामाचा हक्क दिला ग्रामीण भागातल्या प्रौढ व्यक्तीला. काम मागायला आलेली बाई कोणाची बायको, कोणाच्या चुलीवर जेवते, हा प्रश्नच नव्हता. २००५ च्या केंद्राच्या कायद्याने हमी कुटुंबाला दिली, वर्षाला १०० दिवस, आणि जॉबकार्डे फोडायची शर्यत लागली. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने त्या जागी नवा कायदा केला, दिवस १२५ केले, पण मोजमाप कुटुंबाचेच ठेवले. सासरच्या जॉबकार्डावर नाव असलेली माहेरवाशीण याही वेळी तिथेच अडकणार.

कर्जमाफीतही आपण दोन्ही पाहिले. २०१७ च्या कर्जमाफीत कुटुंबाला दीड लाखाची मर्यादा होती. नवरा-बायको दोघांची माहिती एका अर्जात, त्यासाठी केंद्रावर रांगा, आणि ज्यांचे पटत नाही त्यांचा अर्ज लटकलेला. २०१९ च्या महात्मा जोतीराव फुले कर्जमुक्तीत दोन लाखांपर्यंत वैयक्तिक शेतकरी हा निकष धरला. बँकेने यादी दिली, शेतकऱ्याने अंगठा दिला, काम झाले. कोण कोणाचा नवरा हे कोणी विचारले नाही. बालसंगोपन योजनाही तशीच, तिथे मूल मोजतात. एक पालक असलेल्या मुलालाही ती लागू आहे आणि २०२३ पासून महिना २२५० रुपये मिळतात. एकट्या आईला सर्वांत जास्त आधार देणारी ही योजना, आणि गावात तिची माहिती सर्वांत कमी. अंगणवाडी ताई आणि ग्रामसेवक यांनी तेवढी तरी सांगावी.

यावर हरकत येते पैशांची. व्यक्ती मोजली तर खर्च वाढेल, एकाच घरात चार लाभ जातील. जातील, खरे आहे. मग रक्कम थोडी कमी ठेवा, आयकर भरणारे आणि पगारदार गाळा, पण घराच्या आत डोकावून कोण कोणाबरोबर राहते याची झडती घेऊ नका. झडती घेणारा तलाठी एक आणि गावे तीन. तो बघणार कागदच, आणि कागद ज्याला करता येतो त्याचा होतो. ज्या भावांना वकील परवडतो त्यांची खातेफोड महिन्यात होते. टाकलेल्या बाईला आठ वर्षांत एक दाखला मिळत नाही.

मुंबई-दिल्लीचे नियम बदलायला वेळ लागेल. तोपर्यंत गावाच्या हातात काहीच नाही असे मात्र नाही. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात शासनाने परिपत्रक काढून इतर गावांना त्याचा कित्ता गिरवायला सांगितले. म्हणजे बाईच्या स्थितीबद्दल गावाने ठरवले तर ते वरपर्यंत जाते. तसेच प्रत्येक ग्रामपंचायतीने एकल महिलांची एक नोंदवही ठेवावी. विधवा, घटस्फोटित यांच्याबरोबर टाकलेल्या बायकांचीही नावे त्यात असावीत: केव्हापासून माहेरी आहे, मुले किती, मुलांची शाळा कोणती. शाळेचा निर्गम उतारा आणि हजेरीपट हा फार चांगला पुरावा आहे, कारण मुले जिथे शिकतात तिथेच आई राहते. अंगणवाडीच्या रजिस्टरचेही तसेच. यावर सरपंच, ग्रामसेवक आणि पोलीस पाटील यांच्या सह्या झाल्या की रेशनच्या अर्जाला, निराधारच्या अर्जाला, बालसंगोपनाला तो आधार होतो. तहसील कचेरीने तो मानलाच पाहिजे असा नियम आज नाही. पण बाई एकटी चिठ्ठी घेऊन गेली तर परत येते आणि ग्रामपंचायतीचा ठराव घेऊन गेली तर कारकून निदान खुर्ची देतो, हा अनुभव आहे.

हा विषय ग्रामसभेच्या विषयपत्रिकेवर घ्यायचा तर नोटीस वेळेत निघाली पाहिजे. आणि नावे मात्र ग्रामसभेत पुकारू नयेत. नियमित ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घ्यायची असते, जी बहुतेक गावांत फक्त सह्यांपुरती होते. नोंदवहीचे काम त्या सभेत करावे, दार लावून, आशाताई आणि अंगणवाडी ताईंना बसवून. 'नवऱ्याने टाकलं' हे चारशे माणसांसमोर उभे राहून सांगायला कोणतीच बाई येणार नाही, आणि आली नाही म्हणून 'आमच्या गावात अशी कोणी नाही' असा शेरा मारून वही बंद होईल.